ब्रास, पोती, किलो, घनमीटर: स्लॅबच्या मालाचा हिशेब नेमका कुठे फसतो

प्रश्न पलूस तालुक्यातल्या एका वाचकाचा आहे. थोडक्यात असा: घराचा स्लॅब टाकायचा आहे, ३४ फूट ६ इंच बाय २६ फूट. जाडी नकाशात १२५ मिलिमीटर लिहिली आहे, मिस्त्री ‘पाच इंची’ म्हणतो. त्यांनी ३४.६ × २६ × ५ असा गुणाकार करून १०० ने भागलं, तर काँक्रीट आलं जवळपास ४५ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). मिस्त्री म्हणतो पावणेचार ब्रास. दुसरी भानगड वाळूची. डंपरवाला ‘तीन ब्रास’ म्हणून ओलसर माल टाकून गेला. हौद्याचं आतलं माप १३ फूट ४ इंच × ७ फूट × २ फूट १० इंच, आणि काट्याच्या पावतीवर निव्वळ वजन १०,१२० किलो. वाळू घनमीटरला १६०० किलो असते असं वाचून त्यांनी भागाकार केला, तर सव्वादोन ब्रासच येते. तीन, मापाने निघते ती आणि सव्वादोन, यातलं खरं कोणतं? शिवाय सळीचं बिल तपासायचं आहे आणि स्लॅबवरच्या ६ × ५ × ४ फुटी टाकीत किती लिटर पाणी मावेल तेही हवं आहे.

आधी ४५ ब्रासचं बघू, कारण त्यात दोन चुका एकात एक अडकल्या आहेत. मोठी चूक अशी की लांबी-रुंदी फुटांत आणि जाडी इंचांत ठेवून गुणाकार झाला. येणारं उत्तर घनफूट नसतं आणि घनइंचही नसतं, कसलंच नसतं. ४५ ब्रास म्हणजे ४५०० घनफूट. तुमच्या स्लॅबचं क्षेत्रफळ ८९७ चौरस फूट. भागून बघा, जाडी पाच फूट येते! उत्तर आलं की ते असं उलटं फिरवून बघायची सवय लावा. कॅल्क्युलेटर कधी चुकत नाही, पण पाच फूट जाडीचा स्लॅब असतो का हे त्याला ठाऊक नसतं.

लहान चूक दिसायला किरकोळ आहे, पण गावोगावच्या वह्यांत तीच जास्त सापडते. ३४ फूट ६ इंच म्हणजे ३४.६ फूट नव्हे, ३४.५ फूट. फुटाचे बारा इंच, दहा नव्हेत. सहाला फरक थोडा पडतो म्हणून लक्षात येत नाही. पण ३४ फूट १० इंच कुणी ३४.१० असं लिहिलं की तिथेच जवळपास नऊ इंच गायब होतात, कारण खरा आकडा ३४.८३ आहे. इंचाला बाराने भागायचं आणि मग फुटात मिळवायचं: ३ इंच म्हणजे ०.२५, ४ इंच ०.३३, ९ इंच ०.७५. एवढे तीन-चार आकडे पाठ असले तरी काम चालतं.

आता नीट मांडू. ३४.५ × २६ = ८९७ चौरस फूट. जाडी ५ ÷ १२ = ०.४१६७ फूट. गुणाकार ३७३.७५ घनफूट, म्हणजे ३.७४ ब्रास. मिस्त्री बरोबर आहे. मालाच्या दुकानात ज्याला सीएफटी म्हणतात तो हाच घनफूट, आणि असे शंभर म्हणजे एक ब्रास. गिलाव्याचा आणि फरशीचा ब्रास मात्र १०० चौरस फुटांचा असतो. गवंडी एकाच दमात दोन्ही बोलतो, तेव्हा कशाचा ब्रास ते विचारून घ्यायला लाजू नका.

नकाशा मिलिमीटरमध्ये असल्याने तोच हिशेब मीटरमध्येही करून बघावा. फुटाला ०.३०४८ ने गुणलं की मीटर येतो. १०.५१६ × ७.९२५ × ०.१२५ = १०.४२ घनमीटर. पाच इंच धरून केलेला हिशेब १०.५८ घनमीटरचा होतो, कारण इंच २५.४ मिलिमीटरचा आणि पाच इंच म्हणजे १२७ मिलिमीटर. दोन मिलिमीटरने काय होतंय असं कुणी म्हणेल, पण या स्लॅबला त्यात सव्वा-दीड पोतं सिमेंट जातं. चूक नाही, फक्त फरक कुठून आला ते माहीत असावं, नाहीतर दोन वह्या जुळत नाहीत म्हणून साइटवर भांडणं होतात.

घनमीटरचे घनफूट करताना बरेच जण ३.२८ ने गुणतात, कारण मीटरचे फूट तेवढे असतात हे शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. पण ३.२८ हा लांबीचा आकडा आहे. क्षेत्रफळाला तो दोनदा लागतो आणि १०.७६ होतो, घनफळाला तीनदा लागतो आणि ३५.३ होतो. तुमच्या १०.५८ घनमीटरला नुसतं ३.२८ ने गुणलं तर ३४.७ घनफूट येतील, म्हणजे अर्ध्या इंचापेक्षाही पातळ स्लॅब. गणित उलटं फिरवून बघायचं म्हणतो ते यासाठीच. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, एक घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट आणि एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. हे तीन आकडे भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवले तरी पुरे.

आपल्याकडे पावसाळ्यात प्रत्येक जण धरणाचा हिशेब करतो, तो याच कुटुंबातला आहे. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, आमच्या भाषेत एक कोटी ब्रास. कोयनेची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे १०५ कोटी २५ लाख ब्रास पाणी. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर ११,५७४ क्युसेकचा विसर्ग अख्खा दिवस चालला की एक टीएमसी पाणी खाली येतं. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी बघत बसणाऱ्यांना हा आकडा ‘इतके हजार क्युसेक सोडले’ या बातमीपेक्षा जास्त उपयोगी पडेल. असो, स्लॅबकडे येऊ.

तुमच्या प्रश्नात बीमचा उल्लेखच नाही. स्लॅबखाली लोंबणारा बीमचा भाग वेगळा धरावा लागतो. बीम ९ बाय १५ इंचाचे असतील तर त्यातले वरचे पाच इंच स्लॅबमध्ये आधीच मोजले गेले, उरले दहा. समजा सगळ्या बीमची मिळून लांबी १५० फूट भरली, तर ०.७५ × ०.८३३ × १५० म्हणजे ९३.७५ घनफूट. स्लॅबच्या पाव हिस्सा काँक्रीट इथेच गेलं. ‘माल कमी पडला, सिमेंट चोरीला गेलं’ अशा तक्रारींत कित्येकदा चोर हा बीमच असतो. तुमची खरी लांबी मोजून आकडा बदला, मी पुढे १५० च धरतो. एकूण ४६७.५ घनफूट, म्हणजे १३.२४ घनमीटर.

आता या ४६७.५ घनफुटांना माल किती लागेल? इथे मापाचं रूपांतर संपतं आणि वेगळाच प्रश्न सुरू होतो. वाळू खडीच्या फटीत जाऊन बसते, सिमेंट वाळूच्या फटीत. त्यामुळे एक घनफूट तयार काँक्रीटसाठी साधारण १.५४ घनफूट कोरडा माल घ्यावा लागतो. हा आकडा कोणत्या सूत्रातून आलेला नाही, तो कामाच्या अनुभवातला ठोकताळा आहे आणि त्यात थोडी सांडलवंडही धरलेली आहे. एम-२० या दर्जाच्या काँक्रीटचं सिमेंट, वाळू, खडी १ : १.५ : ३ हे प्रमाण घेतलं तर बेरीज ५.५. मग ४६७.५ × १.५४ = ७२० घनफूट, भागिले ५.५ म्हणजे एका भागाला १३१ घनफूट. सिमेंट १३१ घनफूट, वाळू १९६, खडी ३९३. पोतं ५० किलोचं आणि सैल सिमेंट घनमीटरला १४४० किलो, म्हणून पोत्याचं घनफळ ३४.७ लिटर किंवा १.२२५ घनफूट. १३१ ला त्याने भागलं की १०७ पोती.

इथे एक पडताळणी करण्यासारखी आहे. मापाने माल मिसळला की घनफळ घटतं, पण वजन घटत नाही. पाण्यात मीठ विरघळलं तरी काटा तेवढंच दाखवतो, तसंच. १०७ पोती म्हणजे ५३५० किलो. वाळू १९६ घनफूट, घनफुटाला ४५.३ किलोने जवळपास ८९०० किलो. खडी घनमीटरला १५०० धरली तर घनफुटाला ४२.५, म्हणजे १६,७०० किलो. पाणी साधारण ३००० लिटर, तितकेच किलो. बेरीज ३४ टनांच्या आत-बाहेर. १३.२४ घनमीटरने भागलं तर घनमीटरला २५६० किलो. साध्या काँक्रीटला २४०० आणि सळईसकट २५०० किलो धरायचा प्रघात आहे. आपला आकडा सहा-सात टक्क्यांनी वर गेला, तो १.५४ मधल्या सांडलवंडीमुळे आणि आपली काळ्या दगडाची खडी जड असल्यामुळे. हाच आकडा ४००० किंवा १२०० आला असता तर कुठेतरी मापाचा घोळ आहे हे लगेच कळलं असतं.

आता वाळूचा डंपर. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात मजेदार भाग हाच आहे.

हौद्याचं माप आधी: १३.३३ × ७ × २.८३ = २६४ घनफूट, म्हणजे २.६४ ब्रास. तीन ब्रास होण्यासाठी वर चांगली शीग लागेल, आणि वाटेत हादऱ्यांनी माल दबतो तेव्हा शीग बरीचशी खाली बसते. डंपरवाला ‘तीन’ म्हणतो तो गाडीचा प्रकार सांगत असतो, माप नव्हे. तुमची गाडी काठोकाठ भरलेली होती असं धरतो. माल खाली ओतायच्या आधी हौद्यात चढून, वरचा थर फळीने सारखा करून, काठापासून किती खाली आहे ते चार कोपऱ्यांत आणि मध्ये मोजायचं. ओतल्यावर ढिगाचं माप काढणं म्हणजे अंदाजाला आणखी अंदाज जोडणं.

मग वजन. १०,१२० ÷ १६०० = ६.३ घनमीटर, म्हणजे २.२३ ब्रास, हा तुमचा हिशेब अंकगणित म्हणून निर्दोष आहे. पण १६०० हा आकडा कोरड्या, सैल वाळूचा आहे. तुमची वाळू ओलसर होती, आणि ओलसर वाळू एक विचित्र गोष्ट करते. प्रत्येक कणाभोवती पाण्याची पातळ पापडी धरते, ती पापडी कणांना एकमेकांपासून दूर ठेवते आणि वाळू फुगते. पाच-सहा टक्के ओलीला घनफळ वीस ते तीस टक्क्यांनी वाढू शकतं, बारीक वाळूत त्याहून जास्त. म्हणजे पाणी घातलं आणि वाळूचं दर ब्रासचं वजन कमी झालं! कोरडी सैल वाळू ब्रासला साडेचार टनांच्या आसपास. तीच पाच टक्के ओली आणि पाव पट फुगलेली असेल तर ३.८ टन. आणि पूर्ण पाण्याने भरली की पापडी मोडते, कण पुन्हा खाली बसतात, फटींत पाणी राहतं आणि ब्रासचं वजन साडेपाच टनांच्या वर जातं. ‘वाळूचा ब्रास किती टनाचा?’ याला एक उत्तर नाही. विचारणाऱ्याने कोणत्या स्थितीतली वाळू तेही सांगायला हवं.

ओल किती ते घरच्या कढईत कळतं. एक किलो वाळू अचूक मोजून कढईत परतायची, वाफ थांबून कण सुटे झाले की पुन्हा वजन. ९५२ ग्रॅम भरली तर ४८ ग्रॅम पाणी. ते कोरड्या वजनाने भागायचं, ४८ ÷ ९५२, म्हणजे पाच टक्के. फुगवटा मोजायला सरळ उभ्या बाजूंची काचेची बरणी घ्या. ती दोन-तृतीयांश सैल वाळूने भरून उंची मोजा. वाळू काढून घ्या, बरणी अर्धी पाण्याने भरा, तीच वाळू थोडी थोडी घालत ढवळा आणि बसू द्या. आधी २०० मिलिमीटर होती आणि आता १६० भरली, तर फुगवटा ४० ÷ १६०, म्हणजे २५ टक्के. भागायचं शेवटच्या उंचीने, पहिल्या नव्हे. ही पद्धत भारतीय मानकांतही आहे, आणि तिला बरणी, पट्टी आणि पाणी एवढंच लागतं. तरीही साइटवर ती क्वचित दिसते.

तुमच्या वाळूत पाच टक्के ओल धरू. १०,१२० ÷ १.०५ = ९६३८ किलो कोरडी वाळू, आणि ४८२ लिटर पाणी. कोरडी वाळू १६०० ने भागली तर ६.०२ घनमीटर, म्हणजे २१३ घनफूट. हौद्यात मोजली २६४. फुगवटा चोवीस टक्के. पट्टी आणि काटा दोघेही खरं बोलत होते, फक्त दोघे वेगवेगळ्या वाळूबद्दल बोलत होते. मापाने तुमच्याकडे २.६४ ब्रास आहे आणि काँक्रीटला उपयोगी पडणारी कोरडी २.१३ ब्रास. ‘तीन’ मात्र कुठूनच येत नाही. आणि स्लॅब-बीमला लागणारी १९६ घनफूट कोरडी वाळूच असते, तेव्हा २१३ मध्ये काम भागेल, पण गिलाव्याला यातली उरेल अशा आशेवर राहू नका. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, वापरत असाल तर ती ओली असताना तशीच फुगते. त्यात भुकटी जास्त असल्याने ती थोडी जडही भरते, म्हणून १६०० डोळे मिटून घेऊ नका. बादली पाण्याने काठोकाठ भरून वजन करा, बादलीचं वजन वजा केलं की जितके किलो तितके लिटर. तीच बादली कोरड्या सैल वाळूने भरून वजन करा. किलो भागिले लिटर, गुणिले हजार, हा तुमच्या मालाचा स्वतःचा आकडा.

फुगवट्याचा खरा फटका पैशाला कमी आणि काँक्रीटला जास्त बसतो. पोत्याला १.८४ घनफूट वाळू असं ठरवून फर्म्याने, म्हणजे मापाच्या पेटीने, मोजताना ओलसर वाळू तेवढीच घातली, तर प्रत्यक्षात दीड घनफुटाच्या आत वाळू पडते. काँक्रीट खरखरीत होतं, पोकळ्या राहतात, मग कामगार ‘फिरत नाही’ म्हणून पाणी ओततो. म्हणून ओलसर वाळूचा फर्मा फुगवट्याइतका वाढवायचा, आपल्या उदाहरणात १.८४ × १.२४ म्हणजे २.२८ घनफूट. पाणी मात्र तितकं कमी करायचं. एम-२० च्या नॉमिनल, म्हणजे ठरीव प्रमाणाच्या, मिश्रणाला भारतीय मानकाप्रमाणे पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी, आणि त्यात वाळूतलं पाणीही धरायचं असतं. पोत्यामागे वाळू ८३ किलो, तिच्यात चार लिटर पाणी आधीच आहे. वरून घालायला २६ लिटरच उरतात. याच मानकात पोत्यामागे वाळू आणि खडी मिळून जास्तीत जास्त २५० किलो अशी मर्यादा आहे. आपली ८३ अधिक १५६, म्हणजे २३९ किलो, त्यात बसते. खडी अशी फुगत नाही, तिची काळजी नको.

घनतेचा आकडा हाती घेताना तो कशाचा कशाला आहे हे न बघितल्याने काय होतं, याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात मोठं उदाहरण बांधकामातलं नाही. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं बोइंग ७६७ विमान एडमंटनकडे निघालं होतं. इंधन दाखवणारं यंत्र बिघडलेलं, म्हणून टाक्यांतलं इंधन काडीने मोजून लिटरचे किलो करायचे होते. हवे होते २२,३०० किलो, टाकीत होते ७६८२ लिटर. कॅनडा तेव्हा मेट्रिककडे वळत होता. गुणायला वापरला १.७७ हा आकडा, आणि तो होता लिटरला पौंडांचा. किलोचा आकडा ०.८ च्या आसपास. आलेले पौंड किलो समजून त्यांनी फक्त ४९१६ लिटर भरले. अर्ध्याहूनही कमी इंधनावर विमान उडालं आणि हवेतच दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते तरंगत गिमली इथल्या हवाई दलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं, कुणाचा जीव गेला नाही. गुणाकार करणाऱ्या सगळ्यांना गणित येत होतं. आकड्यापुढचं एकक कुणी वाचलं नाही. म्हणून वहीत ‘१६००’ एवढंच लिहू नका, ‘१६०० किलो प्रति घनमीटर, कोरडी सैल’ असं लिहा.

सळीचं सोपं आहे, कारण पोलाद फुगत नाही. घनमीटरला ७८५० किलो, बस. व्यासाचा मिलिमीटरमध्ये वर्ग करून १६२ ने भागलं की मीटरला किलो येतात. हा १६२ कुठून आला ते बघितलं तर विसरणार नाही: वर्तुळाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या ०.७८५४ पट, ते चौरस मिलिमीटरचं चौरस मीटर करायला दहा लाखाने भागायचं आणि ७८५० ने गुणायचं. ०.००६१६५ उरतं, आणि एक भागिले तेवढं म्हणजे १६२. लांबी फुटांत असेल तर ५३२ ने भागा. ८ मिलिमीटरला मीटरमागे ०.३९५ किलो, १० ला ०.६१७, १२ ला ०.८८९, १६ ला १.५८. बारा मीटरच्या अख्ख्या बारला अनुक्रमे ४.७४, ७.४, १०.७ आणि १९ किलो.

तुमच्या बिलात १० मिलिमीटरचे ६० बार ४५० किलो आहेत. हिशेबाने ४४४. आठचे ७० बार ३४० किलो, हिशेबाने ३३२. दोन्हीत दीड-अडीच टक्के फरक, तो चालतो. मानकात १० मिलिमीटरपर्यंत सात टक्के, १६ पर्यंत पाच आणि त्यावर तीन टक्के कमी-जास्त असण्याला मुभा आहे. फरक नेहमी एकाच बाजूला आणि सात टक्क्यांच्या पलीकडे जाऊ लागला तर एक बार कापून एक मीटरचा तुकडा दुकानदारासमोर तोलून बघा. जड भरला तर तुम्ही पोलादाचेच पैसे देताय, हलका भरला आणि बिलात जड लागला तर काटा बदला.

सळीचे मिस्त्री अजून सुतात बोलतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. आठ मिलिमीटरला अडीच सुती म्हणतात, ते बरोबर जुळतं. पण दहाला तीन सुती म्हणून कुणी सुतावरून वजन काढलं तर ९.५ मिलिमीटर धरलं जातं आणि वजन जवळपास दहा टक्क्यांनी कमी येतं. बाराला चार सुती म्हटलं तर १२.७ धरलं जातं आणि वजन बारा टक्क्यांनी वाढतं. व्यासाचा वर्ग होतो, म्हणून अर्ध्या मिलिमीटरची चूक एवढी फुगते. बोलताना सूत बोला, हिशेब मिलिमीटरचाच करा.

राहिली टाकी. ६ × ५ × ४ फूट हे तुमचं बाहेरचं माप असावं. १२० घनफूट गुणिले २८.३ म्हणजे ३४०० लिटर हा हिशेब बाहेरच्या मापावर उभा आहे. भिंती साडेचार इंची आणि तळ चार इंची असेल तर आतलं माप उरतं ५ फूट ३ इंच × ४ फूट ३ इंच × ३ फूट ८ इंच. त्यात पाणी काठाखाली सहा इंच ठेवतात, म्हणजे खोली ३ फूट २ इंच. गुणाकार ७०.७ घनफूट, म्हणजे २००० लिटर. दोन टन पाणी. तळाचं काँक्रीट दहा घनफूट, घनफुटाला ७१ किलोने सातशे किलो. विटांच्या भिंती २८ घनफूट, घनफुटाला ५४ किलोने दीड टन. गिलावा सोडून सव्वाचार टन भार अवघ्या तीस चौरस फुटांवर. तुमच्या पाच इंची स्लॅबचं स्वतःचं वजन चौरस फुटाला तीस किलोच्या आत आहे, टाकीचं होतंय एकशे चाळीस. म्हणून ती नुसत्या स्लॅबच्या मधोमध बांधायची नसते. बीम-कॉलमवर कुठे घ्यायची ते नकाशा करणाऱ्या इंजिनिअरला सेंट्रिंग लागायच्या आधी विचारा, आणि माप देताना आतलं आणि बाहेरचं दोन्ही द्या.